लेकराचा खोकला : एका जुन्या भीतीचा इतिहास



इतिहासावरील व्याख्यान म्हटले म्हणजे लढाया, तह, किल्ले आणि राज्यक्रांत्या ऐकायला मिळतील, अशा अपेक्षेने श्रोते येतात. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून गावोगावच्या व्याख्यानमालांनी ही अपेक्षा पुष्कळ अंशी पुरीही केली आहे. आज आम्ही मात्र आपल्याला एका पाळण्यापाशी नेणार आहोत. पाळण्यात चार-पाच महिन्यांचे लेकरू आहे. नाक चोंदले आहे, छातीत घुरघुर वाजते आहे, खोकल्याची उबळ आली की चेहरा लाल होतो आणि प्यालेले दूध बाहेर पडते. आठवडा उलटला तरी खोकला हटत नाही. आई रात्रभर त्याला उभे धरून बसली आहे. आजी म्हणते, "दृष्ट लागली." शेजारीण म्हणते, "बिब्बा घाला." बाप म्हणतो, "दुकानातून औषधाची बाटली आणतो." एका छपराखाली ही तीन माणसे तीन वेगवेगळ्या काळांची भाषा बोलत आहेत. त्या प्रत्येक भाषेला इतिहास आहे, आणि तोच आजचा आमचा विषय.

हा विषय आम्हाला सुचला तो एका जखमेवरून. आमच्या एका वडीलधाऱ्या आप्तांच्या पोटावर, बेंबीभोवती, चार गोल डाग होते. लहानपणी त्यांना 'डबा' झाला होता, म्हणजे श्वास लागून पोट उडू लागले होते, तेव्हा तापल्या लोखंडाने डागले आणि म्हणून आपण वाचलो, असे ते मोठ्या अभिमानाने सांगत. त्यांच्या पाठची दोन भावंडे डाग देऊनही गेली, ही गोष्ट आम्हाला पुढे घरातल्या बायकांकडून कळली. वाचलेला माणूस डाग दाखवायला उरतो. गेलेले लेकरू काही दाखवायला येत नाही. चुकीचे उपचार पिढ्यान् पिढ्या का टिकतात, याचे उत्तर आम्हाला त्या चार डागांत सापडले.

आता थोडे मागे जाऊ. आपल्या प्राचीन वैद्यकाने बालकांची उपेक्षा केली, असे कोणी म्हणू शकणार नाही. आयुर्वेदाच्या आठ अंगांत कौमारभृत्य हे एक स्वतंत्र अंग आहे. चरकाने कासाचे, म्हणजे खोकल्याचे, पाच प्रकार सांगितले. सुश्रुताने बालकांचे क्षीरप, क्षीरान्नाद आणि अन्नाद असे तीन वर्ग पाडले आणि नुसत्या दुधावरच्या लेकराला औषध द्यायचे तर त्याच्याबरोबर दूध पाजणारीचाही विचार केला. या शाखेचा मुख्य ग्रंथ काश्यपसंहिता. तो शतकानुशतके हरवल्यासारखाच होता. नेपाळात त्याची खंडित प्रत मिळाली आणि पंडित हेमराज शर्मा यांच्या संपादनाने तो १९३८ साली छापून निघाला. त्यात वेदनाध्याय नावाचे एक प्रकरण आहे. बालकाला बोलता येत नाही, तेव्हा त्याच्या अंगाच्या हालचाली आणि चेष्टा पाहून त्याला काय दुखते आहे हे वैद्याने ओळखावे, असा त्या प्रकरणाचा आशय आहे. 'बोलता न येणाऱ्या रोग्याकडे नीट पाहा' हा उपदेश आपण लक्षात ठेवावा. व्याख्यानाच्या अखेरीस तो पुन्हा आपल्या भेटीला येणार आहे.

परंतु याच ग्रंथांतून दुसराही एक प्रवाह वाहतो. सुश्रुताने नऊ बालग्रह सांगितले. काश्यपसंहितेत रेवती आणि जातहारिणी यांची मोठी कथा आहे. आपल्या खेड्यांतली सटवाई त्यांच्याच कुळातली. तिची पाचवी पुजायची, तिने कपाळी लिहिलेले मुकाट्याने सोसायचे. ज्या समाजात दर घरी एखादे तरी लेकरू पाळण्यातून थेट मातीत जात होते, त्या समाजाने मृत्यूला बाईचे रूप दिले आणि तिची मनधरणी केली, यात नवल नाही. त्या मनधरणीला हसण्याचा आम्हाला अधिकार वाटत नाही. पण पाहण्याचा प्रवाह क्षीण झाला आणि भिण्याचा प्रवाह फुगला, हे मात्र नमूद केले पाहिजे.

भिण्याच्या प्रवाहाचे सर्वांत क्रूर रूप म्हणजे डागणे. मेळघाटात याला डंबा म्हणतात. विळा किंवा सळई तापवून लेकराच्या पोटावर चटके देतात. ही जुन्या काळची गोष्ट, असे समजून कोणी निश्चिंत होऊ नये. २०२५ सालीही मेळघाटातून अशा बातम्या आल्या. बिब्ब्याच्या तेलाचे ठिपके हा त्याचाच सौम्य समजला जाणारा भाऊ. त्यानेही कोवळी कातडी भाजून निघते. डागल्यावर लेकरू जोराने रडते, त्या रडण्याने क्षणभर मोठा श्वास आत जातो, आणि घरच्यांना वाटते की उतार पडला. मग जखम चिघळते, आणि फुप्फुसाच्या आजारात भाजल्याची भर पडते.

याच्या शेजारीच माजघरातील औषधशाळा होती, आणि तिच्याविषयी आम्हाला आदर आहे. सहाणेवर आईच्या दुधात उगाळलेली बाळघुटी आपल्यापैकी अनेकांच्या ओठाला लागली असेल. वेखंड, मुरडशेंग, हिरडा, जायफळ, सुंठ, ज्येष्ठमध, हळकुंड, अतिविष, काकडशिंगी, कोणाचे किती वळसे द्यायचे हे आजीच्या हाताला ठाऊक असे. वैद्यांचे बालचातुर्भद्र चूर्ण, म्हणजे नागरमोथा, पिंपळी, अतिविष आणि काकडशिंगी, हेही याच घराण्यातले. हळदीचे तर आपल्या जिल्ह्याला विशेष अगत्य. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. मोठ्या माणसाचा घसा बसला असता हळद घातलेले गरम दूध सुखावह वाटते, हे कोण नाकारील? परंतु मोठ्यांना जे मानवते ते सहा महिन्यांच्या आतील लेकराला मानवतेच असे नाही. त्याला आईच्या दुधाखेरीज काहीही नको, हे आजचे वैद्यक निःसंशय सांगते. औषधाबरोबर चाटवल्या जाणाऱ्या मधाचेच पाहा. मधात एका जंतूची बीजे असू शकतात. ती मोठ्यांच्या पोटात निरुपद्रवी राहतात, पण वर्षाच्या आतील बालकाच्या आतड्यात रुजतात आणि त्याचे स्नायू लुळे पाडतात. हा बालरोग १९७६ साली अमेरिकेत प्रथम ओळखला गेला. त्यापूर्वीच्या आजीला तो माहीत असणे शक्य नव्हते. आजच्या आजीने मात्र जाणून घेतला पाहिजे.

बाळंतिणीच्या खोलीतील शेगडीचेही तसेच. ओवा-शेपांची धुरी, दारे-खिडक्या बंद, आणि शेजारी चूल. आपल्याकडे चुलीत पऱ्हाट्या आणि तुऱ्हाट्या जळतात. त्यांचा धूर डोळ्यांना झोंबतो तेवढाच नव्या फुप्फुसांनाही झोंबतो. धुरी सर्दी सुकवते, अशी समजूत आहे. धूर श्वासनलिकेला सुजवतो आणि तिची स्वतःची झाडलोट बंद पाडतो, असे शास्त्र सांगते. २०१६ सालापासून उज्ज्वला योजनेत गॅसच्या शेगड्या घरोघर आल्या, हे चांगले झाले. परंतु टाकी संपली की चूल पेटतेच, हे आपण सर्व जाणतो.

आता बापाच्या बाटलीकडे वळू. तिचा इतिहास आजीच्या सहाणेपेक्षा भयंकर आहे. खोकणाऱ्या आणि किरकिरणाऱ्या लेकराला गप्प करणारे सर्वांत जुने औषध म्हणजे अफू. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया तान्ह्याला 'बाळागोळी' चारून कामावर जात. घरी सांभाळायला कोणी नसे आणि खाडा केला तर रोज बुडे. दोष त्या आयांचा नव्हता, हे निक्षून सांगितले पाहिजे. विलायतेत आणि अमेरिकेतही तेच चालले होते. तिकडे लेकरांना शांत करणाऱ्या गोड सरबतांत मॉर्फीन असे. १८९८ साली एका प्रख्यात जर्मन कारखान्याने खोकल्यावरचे नवे औषध म्हणून जे बाजारात आणले, त्याचे नाव हेरॉईन! अफू खोकला थांबवते हे खरे. पण ती मेंदूतील श्वासाचे केंद्रही मंद करते. खोकला थांबला म्हणून घर झोपी जाई, आणि पहाटे कळे की श्वासही थांबला.

त्यानंतर दुसरे विष आले, आणि ते चुकून आले. औषध गोड व पातळ करण्यासाठी जो द्रव वापरतात, त्यात डायएथिलीन ग्लायकोल नावाचे औद्योगिक द्रव्य मिसळले गेले तर मूत्रपिंडे निकामी होतात. १९३७ साली अमेरिकेत अशा एका औषधाने शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यांत बालके पुष्कळ होती. त्यातूनच १९३८ चा औषधविषयक कडक कायदा तेथे झाला. मुंबईत १९८६ साली दूषित ग्लिसरीनने १४ रुग्णांचा बळी घेतला आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशीने सारा महाराष्ट्र हादरला. २०२२ साली आफ्रिकेतील गांबिया देशात सुमारे ७० बालके गेली. आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात खोकल्याच्या एका सिरपने वीसहून अधिक लेकरे ओढून नेली. त्यांपैकी अनेकांवर आपल्या नागपुरात उपचार चालू होते. ०.१ टक्क्याच्या वर जे असू नये, ते विष त्या सिरपात सुमारे ४८ टक्के निघाले. त्यानंतर केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावले की दोन वर्षांखालील बालकांना खोकला-सर्दीची अशी औषधे देऊच नयेत, आणि पाच वर्षांखालीही ती सहसा देऊ नयेत.

श्रोतेहो, येथे क्षणभर थांबून एक प्रश्न विचारावासा वाटतो. डाग, अफू आणि बाटली या तिन्हींचा हेतू एकच होता : खोकला बंद करणे. पण खोकला हा शत्रू आहे, हे ठरवले कोणी? खोकला म्हणजे श्वासमार्गाची झाडू. तान्ह्याच्या श्वासनलिका अगदी बारीक, तो श्वास घेतो मुख्यतः नाकाने, आणि शिंकरणे त्याला येत नाही. नाक चोंदले की दूध ओढता येत नाही, म्हणून ते चिडते. साचलेला चिकटा खोकल्याने वर येतो, आणि ते तो गिळते. बहुतेक सर्दी-खोकला विषाणूंचा असतो. १९५६-५७ साली अमेरिकेत शोध लागलेला एक विषाणू तर लेकरांच्या छातीतील घुरघुरीचे मोठे कारण ठरला आहे. अशा खोकल्याला पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधे काही करू शकत नाहीत. तो दोन आठवड्यांपर्यंत रेंगाळतो आणि आपसूक जातो. दूध पाजण्यापूर्वी नाकात मिठाच्या पाण्याचे, दुकानात मिळणारे थेंब, थोडे-थोडे करून वारंवार पाजणे, ऊब, आणि धूर व विडी यांपासून दूर ठेवणे, एवढाच त्याचा खरा उपचार. तो इतका साधा आहे की त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

मग भीती अगदीच निराधार होती काय? नाही. साध्या खोकल्याच्या गर्दीत दोन मारेकरी वेष पालटून हिंडत होते. पहिला डांग्या खोकला. १५७८ साली पॅरिसमधील त्याची साथ तेथील एका वैद्याने वर्णिली आहे. त्याचा जंतू बोर्दे आणि झांगू या शास्त्रज्ञांनी १९०६ साली वेगळा केला. उबळीमागून उबळ, शेवटी मोठा आवाज करीत ओढलेला श्वास, उलटी, काळा-निळा चेहरा. अगदी तान्ह्यात तर उबळही दिसत नाही, श्वासच थांबतो. या रोगावर परिणामकारक लस आणली ती मिशिगन राज्यातील पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग या दोन स्त्रियांनी. १९३२ साली, मंदीच्या दिवसांत, दिवसाचे सरकारी काम आटोपून त्या संध्याकाळी घरोघर जात आणि खोकणाऱ्या बालकांपुढे ताटली धरून जंतू गोळा करीत. त्यांच्या लसीतूनच पुढे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांची एकत्रित लस घडली. भारतात १९७८ साली विस्तारित लसीकरण कार्यक्रम आणि १९८५ साली सार्वत्रिक लसीकरण सुरू झाले. आज ती लस पंचगुणी लसीच्या रूपाने ६, १० आणि १४ आठवड्यांना मिळते. न्यूमोनियाच्या एका मोठ्या जंतूवरची लसही २०२१ पासून देशभर मोफत मिळू लागली.

दुसरा मारेकरी न्यूमोनिया, म्हणजेच तो 'डबा'. फुप्फुस कडक झाले की हवा आत ओढायला जोर लागतो. तान्ह्याच्या बरगड्या मऊ, म्हणून त्या आत खेचल्या जातात आणि पोट उडते. आमच्या आज्यांनी पाहिले ते अगदी बरोबर होते. नाव दिले तेही नेमके होते. चुकला तो फक्त उपाय. ओळखणे आणि उपचार यांची सांगड कोणी घालून दिली नाही. १९८० नंतरच्या दशकात फ्रँक शान यांनी पापुआ न्यू गिनी या गरीब देशात काम करून दाखवून दिले की छाया-चित्राचे यंत्र किंवा कानाला लावायची नळी नसली तरी नुसते श्वास मोजून न्यूमोनिया ओळखता येतो.

आणि मग हे काम आपल्या महाराष्ट्रात आले. १९८६ साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था स्थापली. त्यांनी ५८ खेड्यांत गावचे आरोग्यसेवक आणि सुइणी यांना न्यूमोनिया ओळखायला आणि प्रतिजैविक द्यायला शिकवले. सुईण निरक्षर, तिला शंभरापर्यंत आकडे येत नाहीत. मग त्यांनी तिच्यासाठी एक साधे यंत्र केले : एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि शेजारी मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी तांबडा मणी सरकवावा लागला, तर न्यूमोनिया. १९९० साली या प्रयोगाचा अहवाल 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्रयोगाच्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू हजारी ८.१ होते, तर तुलनेच्या गावांत १७.५. डागणी नाही, अफू नाही, बाटली नाही. एक मूठ वाळू, काही मणी, आणि पाहायला शिकलेली बाई. काश्यपाच्या वेदनाध्यायाची आठवण आम्ही जपून ठेवा म्हणालो होतो, ती यासाठी.

आपल्या हिंगोलीचा या कथेत काय वाटा? निजामाच्या राज्यात येथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. फौजेला सर्जन असे. कयाधूकाठच्या खेड्यांतील लेकराला तो नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला, १९५६ साली मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. मराठवाड्याचे पहिले सरकारी वैद्यकीय महाविद्यालय औरंगाबादेस १९५६ साली निघाले. कळमनुरीच्या किंवा सेनगावच्या आईने खोकणारे लेकरू घेऊन तेथवर जायचे कसे? १ मे १९९९ रोजी परभणीतून आपला स्वतंत्र जिल्हा झाला, आणि २०२४ साली हिंगोलीला शंभर जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. देशात १९७१ साली हजार जन्मांमागे १२९ अर्भके वर्षाच्या आत जात होती. २०२३ साली ती संख्या २५ वर आली. एवढी मोठी लढाई आपण जिंकत आणली आहे, आणि तिचा एकही पोवाडा नाही.

तेव्हा आज घरी जाताना प्रत्येकाने चार आकडे घेऊन जावेत. लेकरू शांत असताना, रडत नसताना, अंगावरचे झबले वर करून पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजावेत. दोन महिन्यांखाली ६० किंवा अधिक, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. बरगडीखालची छाती आत ओढली जात असेल, कण्हत असेल, ओठ निळे पडत असतील, दूध ओढत नसेल, झटके येत असतील किंवा जागे होत नसेल, तर घटकाभरही थांबू नये. १०८ क्रमांकावर गाडी मागवावी. दोन महिन्यांखालील लेकराचा श्वास लागला किंवा त्याला ताप आला, तर घरचा कोणताही प्रयोग नको. आणि चौथा आकडा दोन आठवड्यांचा : खोकला त्याहून लांबला, तर क्षयाची आणि डांग्या खोकल्याचीही शंका घेऊन तपासणी करून घ्यावी.

आरंभी ज्या घरात आपण शिरलो, तेथे अजून दिवा जळतो आहे. त्या आजीला आम्ही अडाणी म्हणणार नाही. पोट उडते आहे हे तिलाच सर्वांत आधी दिसणार आहे. तिच्या हातातली सळई काढून घ्यावी आणि डोळ्यांचा मान ठेवावा. बापाने बाटली आणू नये, घड्याळ आणावे. शेजारणीने बिब्बा ठेवावा आणि सोबतीला चालावे, कारण रात्री एकट्या बाईला दवाखान्यात जायला सोबत लागते. आणि ती जी आई केव्हाची लेकराला उभे धरून बसली आहे, एक शब्दही बोललेली नाही, तिला कोणीतरी विचारावे, "बाई, तुला काय दिसते आहे?" इतिहासात तिला हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. तो विचारायची सुरुवात आपल्या घरापासून व्हावी, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.